‘ट्रीटमेंट मी बघतो, तुम्ही औषधं द्या’

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा तपशील वगळून)

बी. फार्म. झालेल्या एक वाचक नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या आतल्या मेडिकलमध्ये काम करतात. मेडिकल ठेक्यावर चालतं. परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून नाव यांचं. निफाड तालुक्यातल्या, संधिवात असलेल्या एका आजींचं कम्प्युटरवर काढलेलं डिस्चार्ज कार्ड काउंटरवर आलं. त्यावर मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, १-०-० (म्हणजे रोज सकाळी एक), ३० दिवस असं होतं. संधिवातात ही गोळी रोज देत नाहीत, म्हणून यांनी वॉर्डात फोन केला. आरएमओ, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, म्हणाले, ‘सरांनी सांगितलंय, देऊन टाका.’ मग या थेट ओपीडीत त्या सरांकडे, म्हणजे आजींच्या मोठ्या डॉक्टरांकडे, गेल्या. सरांनी कार्ड पाहिलं, पेनाने दुरुस्ती केली आणि बाकावरच्या पेशंटांसमोर म्हणाले, ‘ट्रीटमेंट मी बघतो, तुम्ही औषधं द्या.’ ठेकेदारांनीही ऐकवलं: डिस्चार्ज रखडला, बेड अडला, पुन्हा असं नको. ‘संध्याकाळी मी घरी गेल्यावर काउंटरवरचा मुलगा सगळं बघतो, त्याला कधी कोणी बोलत नाही,’ असंही त्या लिहितात. घरी लग्नाची बोलणी चालू आहेत आणि आई म्हणते, मोठ्या डॉक्टरांच्या नादी लागू नकोस, जबाबदारी लिहिणाऱ्याची, देणाऱ्याची नाही. त्यांचा प्रश्न: ‘मी मर्यादा ओलांडली का? पुढच्या वेळी कळत असूनही गप्प बसायचं का?’

उत्तर

नाही, ओलांडली नाहीत. आणि गप्प बसू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात संपतं. पण तुम्ही जे विचारलं नाही आणि जाता जाता लिहून गेलात, ते मला जास्त काळजीचं वाटलं. तिथे येतेच.

आधी त्या गोळीबद्दल, कारण हे सदर वाचणारे सगळे तुमच्या क्षेत्रातले नाहीत. मेथोट्रेक्सेट हे मूळचं कर्करोगावरचं औषध. कमी मात्रेत ते संधिवातात आणि सोरायसिसमध्ये देतात, आणि तिथे ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आजींच्या कार्डाप्रमाणे महिन्याकाठी चार-पाच गोळ्यांऐवजी ३० गोळ्या पोटात गेल्या असत्या. शरीरातल्या ज्या पेशी भराभर नव्या होतात त्यांना हे औषध आधी गाठतं: तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, आणि हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मगज. म्हणून तोंड येणं ही सुरुवातीची खूण. आपल्याकडे तोंड आलं की उष्णता झाली म्हणतात आणि गुलकंद देतात. इकडे पांढऱ्या पेशी उतरत जातात, ताप येतो, गावातले डॉक्टर भल्या हेतूने कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहितात, आणि त्याने मेथोट्रेक्सेटचा विषार आणखी चढतो. ही गोळी चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत. तुम्ही जे अडवलंत ते असं होतं. हे तुमच्या आईंनाही वाचून दाखवा.

आता तुमच्या पत्रात मुरलेली दोन-तीन गृहीतं. पहिलं म्हणजे सरांना हे माहीत नव्हतं किंवा त्यांचं लक्ष नव्हतं. मला तसं वाटत नाही. संधिवाताचे रुग्ण बघणारा डॉक्टर मेथोट्रेक्सेट आठवड्याला एकदा देतात हे झोपेतही सांगेल. तुम्हीच लिहिलंय की कार्ड कम्प्युटरवर काढलेलं होतं. म्हणजे राउंडमध्ये सर तोंडी बोलले, आरएमओंनी ते टाइप केलं, आणि टाइप करायच्या चौकटीत सकाळ-दुपार-रात्र असे तीनच रकाने. आठवडा लिहायला त्या कागदावर जागाच नाही. अशा ठिकाणी १-०-० आपोआप उमटतं. वाईट अक्षराची तक्रार जुनी आहे. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केला. पण तुमच्या हातातलं कार्ड तर स्वच्छ छापलेलं होतं, आणि छापलेलं चुकीचं असलं तरी माणूस त्यावर चटकन शंका घेत नाही. आरएमओंनी घेतली नाही. तेव्हा हे भांडण सरांशी नाही, त्या चौकटीशी आहे. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या माणसाला गाठून मेथोट्रेक्सेट निवडलं की ‘आठवड्यातून एकदा, वार कोणता?’ असं विचारलं जाईल एवढी सोय मागा. हे काम फार मोठं नसावं, आणि त्यात कोणाचा मान जात नाही.

दुसरं गृहीत: सर चिडले म्हणजे त्यांनी तुम्हाला झिडकारलं. पेशंटांसमोर बोलले ते वाईटच. त्याची बाजू मी घेणार नाही. पण क्रम बघा. आधी कार्ड पाहिलं, पेनाने दुरुस्त केलं, मग चिडले. ज्याला ऐकूनच घ्यायचं नसतं तो कार्ड न बघता परत सरकवतो. मला त्या चिडण्यात राग कमी आणि धसका जास्त दिसतो. शिवाय तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही, याला कारणही आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला; डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, परिचारिका सगळे त्याच्या छत्राखाली. फार्मसी मात्र तिथे नाही. नाशिकची बी. फार्म. बहुतेक पुणे विद्यापीठाची आणि डी. फार्म. तंत्रशिक्षण मंडळाची. शिकताना एका वर्गात कधी बसायचं नाही आणि पहिली गाठ पडायची ती ओपीडीच्या दारात, तीही चुकलेल्या कार्डावरून. मग बोलणं गोड कुठून होणार?

तिसरं तुमच्या आईंचं: लिहिणाऱ्याची जबाबदारी, देणाऱ्याची नाही. कायदा असं म्हणत नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये आले. त्यांत चिठ्ठी तपासणं आणि औषध कसं घ्यायचं ते रुग्णाला समजावून सांगणं ही फार्मासिस्टची कामं म्हणून लिहिलेली आहेत. एक मात्र लक्षात ठेवा: चिठ्ठीत स्वतःहून बदल करायचा अधिकार तुम्हाला नाही, तो लिहिणाऱ्याचाच. तुम्ही विचारायचं, उत्तर येईपर्यंत ते औषध थांबवायचं, दुरुस्ती त्यांनी करायची. तुम्ही नेमकं तेच केलंत. मर्यादा हीच आणि तुम्ही तिच्या आतच होतात.

पण पुढच्या वेळी ओपीडीत शिरू नका. पेशंटांसमोर विचारलेला बरोबर प्रश्नही कोर्टातल्या उलटतपासणीसारखा ऐकू येतो. फोन करा, किंवा केसपेपरला चिठ्ठी लावून सिस्टरांकरवी आत पाठवा. सिस्टरांशी तुमचं जमलेलं असेल तर निम्मं काम तिथेच होतं. वॉर्डात सरांची वेळ आणि मूड त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. फोनवर ‘चुकलंय’ हा शब्द न काढता सगळं एका दमात सांगा: ‘सर, फार्मसीतून बोलतेय. संधिवाताच्या आजी, आज डिस्चार्ज आहे. मेथोट्रेक्सेट साडेसात रोज असं छापलं गेलंय. आठवड्यातून एकदा, बुधवारी, असं करायचं ना?’ उत्तर ‘हो’ एवढंच द्यायचं असेल तर घाईतला माणूसही देतो. ‘सर, जरा एक शंका होती’ अशी सुरुवात केलीत की पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवला जातो.

आरएमओ ‘देऊन टाका’ म्हणाले तर? तुम्ही म्हणायचं, ‘सरांशी बोलून खात्री झाली की लगेच देते.’ आणि त्यांचं नाव व वेळ टिपून ठेवायची. पण त्यासाठी सगळा डिस्चार्ज अडवायची गरज नसते. ठेकेदारांच्या तक्रारीत तेवढं तथ्य आहे. बाकीची औषधं बांधा, बिल होऊ द्या, आणि ती एक पट्टी बाजूला ठेवा. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चार तास उशिरा मिळाली तर आजींचं काही बिघडत नाही. गाडी करून निफाडला परतायचं असेल तर नातेवाइकांचा फोन नंबर घ्या. फिटांच्या औषधाला किंवा इन्शुलिनला हा न्याय लागू नाही, तिथे उशीर हाच धोका. तिथे मात्र फोन लागेपर्यंत सोडायचं नाही.

कशासाठी अडायचं आणि कशासाठी नाही, हे आधीच ठरवलेलं बरं. पेनिसिलिनची अॅलर्जी केसपेपरवर लाल अक्षरांत आहे आणि चिठ्ठीत अमॉक्सिसिलिन: थांबा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवरच्या माणसाला आणखी दुखण्याची गोळी, डायक्लोफिनॅक वगैरे: थांबा. इन्शुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘यू’ गिचमिड काढलाय आणि तो शून्यासारखा दिसतोय, म्हणजे १० चे १०० होऊ शकतात: थांबाच. डोपामीन की डोब्युटामीन हे नीट वाचता येत नाही, तर अंदाजाने काढून देऊ नका. पण दोन डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीचं पँटोप्रॅझोल दोनदा लिहिलं म्हणून सरांना राउंडमधून बाहेर बोलावू नका. ते नोंदवून ठेवा, दुपारी सांगा. रोज दहा बारीक गोष्टींसाठी फोन करणारीचा अकरावा, खरा फोन कोणी उचलत नाही.

एक वही घाला. तारीख, फाइल नंबर, काय लिहिलं होतं, काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, काय बदललं. शेरेबाजी नको, डॉक्टरांच्या नावापुढे उद्गारचिन्ह तर नकोच. दोन-तीन महिन्यांनी ही वही घेऊन रुग्णालयाच्या प्रशासकांकडे जा. रुग्णालय एनएबीएचचं (रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या मंडळाचं) असेल किंवा त्या तयारीत असेल तर तिथे औषधांबाबतची एक समिती असते आणि अशा नोंदी त्यांना दाखवाव्या लागतात. तुमची वही त्यांना हवीच असेल. एकदा ते ‘फार्मसीची नोंद’ झालं की तुमच्या धाडसाचा प्रश्न उरत नाही. उद्या तुम्ही लग्न होऊन पुण्याला गेलात तरी वही चालू राहते. आणि एखाद्या रुग्णाला औषधाने खरोखरच अपाय झाला, तर त्याची नोंद भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे करता येते. हा कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो, आणि हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. त्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं की नोंद केली म्हणजे कोणी चूक कबूल केली असा अर्थ होत नाही. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, रुग्ण, कोणीही कळवू शकतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मी शोधत होते, ती सापडली नाही. दुरुस्ती झाल्यावर आजींना काय सांगितलंत? पेनाने मारलेली इंग्रजी दुरुस्ती आजींना वाचता येणार नाही, त्यांच्या सुनेलाही कदाचित नाही, आणि पट्टी तर हातात तीच आहे. अशा रुग्णाला वार ठरवून द्या, आणि तो त्यांच्या जगण्यातला असू द्या: गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी भरतो तो वार सहसा कोणी विसरत नाही. नाशिकच्या माणसाला बुधवार. पाकिटावर मराठीत, ठळक: ‘फक्त बुधवारी. रोज नाही.’ सोबत फॉलिक अॅसिड दिलं असेल तर त्याचा वार किंवा वेळ वेगळी असते आणि दोन्ही गोळ्या बारीक, पिवळसर असू शकतात. दोन वेगळ्या पाकिटांत द्या. पूर्ण महिन्याच्या गोळ्या एकदम देण्यापेक्षा चार आठवड्यांच्या चारच मोजून द्या. मग विचारा, ‘आजी, आता मला सांगा, ही कधी घ्यायची?’ त्या ‘सकाळी चहाबरोबर’ म्हणाल्या तर पुन्हा सांगायचं. तोंड आलं, ताप आला, घसा दुखला, कुठून रक्त आलं तर गोळी बंद करून लगेच दाखवायला यायचं, हेही. दारात उभं राहून दोन मिनिटांत हे होतं आणि यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

(घरच्या माणसांसाठी, एवढंच: डिस्चार्ज झाल्यावर घरातल्या जुन्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णं, शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून मेडिकलवर किंवा डॉक्टरांसमोर ओता. ‘जुनं यातलं काय बंद?’ हा प्रश्न तुम्हीच विचारायचा, बहुतेक वेळा तो आपणहून कोणी काढत नाही.)

आता ते वाक्य. ‘संध्याकाळी मी घरी गेल्यावर काउंटरवरचा मुलगा सगळं बघतो.’

तो मुलगा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, असं तुम्ही लिहिलेलं नाही, आणि असता तर ‘मुलगा’ म्हणाला नसता. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने द्यावं, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं, हे औषध नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषध व सौंदर्यप्रसाधन नियम) मधल्या ६५ व्या नियमात आहे. फार्मसी अॅक्ट, १९४८ चं कलम ४२ तेच सांगतं. तुम्ही घरी असताना देखरेख कोणाची? भिंतीवरच्या प्रमाणपत्राची. कागदोपत्री संध्याकाळची प्रत्येक पट्टी तुमच्या हातून जाते. शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे ज्यांची विक्री वेगळी नोंदवावी लागते अशा औषधांच्या, रजिस्टरमधल्या संध्याकाळच्या नोंदी कोण करतं, सही कोणाची, हे एकदा उघडून बघा. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं आणि निरीक्षक आले की पहिलं तेच मागतात.

पण मला कायद्याहून काउंटरची जास्त भीती वाटते. एक उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली सहसा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची, आणि पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. डॉक्टरांनी अचूक लिहिलंय, २० युनिट. लाल टोपीची संपली म्हणून मुलाने केशरी टोपीची दिली, दिसायला तशीच. घरी २० च्या रेघेपर्यंत भरलं की ४० च्या बाटलीतून शरीरात जातात फक्त ८ युनिट, साखर चढत राहते आणि सगळे म्हणतात पथ्य पाळत नाही. उलटं झालं, कार्ट्रिजमधलं इन्शुलिन कोणी लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातात ५० युनिट, आणि मग सकाळी माणूस उठत नाही. यात चिठ्ठीत काहीच चूक नाही. मेथोट्रेक्सेटसारखी आधी पकडता येणारी चूक कागदावर तरी दिसते; ही काउंटरवरच जन्मते आणि कोणाला दिसत नाही. त्या मुलाला कोणी बोलत नाही, कारण तो विचारतच नाही. आजींचं कार्ड सायंकाळी सातला आलं असतं तर त्याने ३० गोळ्या मोजून दिल्या असत्या.

त्या मुलावर मी राग काढत नाही. त्याला कोणी शिकवलेलं नाही आणि पगार तो काय! पण तुमचं नाव वापरून हे चालतंय. सरांच्या बोलण्यावरून नोकरी सोडावी असं मी म्हणणार नाही. यावरून कदाचित सोडावी लागेल.

आधी ठेकेदारांशी बोला, आणि त्यांच्या हिताच्या भाषेत: परवाना त्यांचा आहे, निलंबित झाला तर दुकान त्यांचं बंद. मागणी एकच ठेवा, संध्याकाळच्या पाळीला दुसरा फार्मासिस्ट. डी. फार्म. झालेली, रात्रीची पाळी चालेल अशी मुलं-मुली नाशिकमध्ये सापडतील. तोवर मधला मार्ग म्हणून त्यांनी दोन गोष्टी मान्य कराव्यात: वॉर्डातली तातडीची औषधं तुम्ही जायच्या आधी ठरवून सिस्टरांकडे पोचलेली असतील, आणि डिस्चार्जची पाकिटं तुम्ही असतानाच बांधली जातील. हा मार्ग कायद्यात पूर्ण बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक असू द्या; म्हणून त्याला मुदत घाला, एक महिना. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर नम्रपणे लिहून पाठवा: ‘आज बोलल्याप्रमाणे...’ उत्तर नाही आलं तरी तो निरोप राहतो.

आईंना सांगताना सरांचा विषय काढूच नका. त्यांना मुलीची काळजी आहे, तर हे सांगा की आत्ता जे चाललंय त्यात काही बिघडलं तर नाव मुलीचं येतं. मला वाटतं त्या ठेकेदाराशी तुमच्याआधी भांडायला निघतील.

महिन्याने काही हललं नसेल तर दुसरी नोकरी बघा, आणि निघताना तोंडी सांगून निघू नका. राजीनामा तारखेसह लेखी द्या, पोच घ्या. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाला त्याच तारखेने कळवा की या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून तुमचं नाव आता नाही. आणि शेवटच्या दिवशी मूळ प्रमाणपत्र भिंतीवरून स्वतः उतरवून न्या. ‘नंतर पाठवतो’ म्हणतील, ऐकू नका.